थंडीत पिंजऱ्यातल्या माशांना खाद्य हात राखून टाका

पहाटे धरणावर धुकं धरू लागलं की धरणात जाळ्याचे तरंगते पिंजरे लावून मासे वाढवणाऱ्यांनी आधी खाद्याच्या पोत्याकडे बघावं. खर्चातला निम्म्याहून जास्त पैसा त्या पोत्यातच असतो. पंगस हा उबदार पाण्यातला मासा. पाणी 22 अंशांच्या खाली गेलं की त्याची भूक मंदावते, पण आपला हात सवयीने तेवढंच टाकत राहतो.

डिसेंबर-जानेवारीत भल्या सकाळी खाद्य टाकू नका. ऊन वर आल्यावर, 10 नंतर टाका. आधी दोनच मुठी. मासे पाणी उसळवत वर आले तर पुढे टाका. 15-20 मिनिटांनीही गोळ्या तरंगत असतील तर त्या वेळेपुरतं थांबा. किती टाकलं, किती उरलं, हे रोज वहीत लिहा.

मासे काढून वजन करणं, निवडणं ही कामं नोव्हेंबरातच उरका. गारठ्यात जाळ्याला घासून कातडी खरचटली की तिथे कापसासारखी पांढरी बुरशी धरते. मेलेला मासा रोज काढून काठापासून लांब पुरा, धरणात फेकू नका.

जाळ्याला हात लावून बघत जा. बुळबुळीत लागलं म्हणजे शेवाळाने आस, म्हणजे जाळ्याची भोकं, बुजत चाललेत आणि आतलं पाणी खेळत नाही. पंगस वर येऊन हवा घेतो, त्यामुळे थोडंफार निभावतो. चिलापी मात्र गुदमरते.

नव्याने उतरणाऱ्यांनी जागा आत्ताचं भरलेलं पाणी बघून ठरवू नये. उजनी धरण बहुतेक वर्षी मे महिन्यात मायनसमध्ये जातं, म्हणजे वापरायचं पाणी संपून तळचा साठाच उरतो, हे डोळ्यासमोर ठेवा. पिंजरा 4 मीटर खोल असेल, तर भर उन्हाळ्यातही त्याच्या तळाखाली निदान तेवढंच पाणी हवं. तिथे आधीपासून जाळी टाकणाऱ्या मच्छीमार संस्थेशी आधी बोला. त्यांची होडीची वाट अडवून हा धंदा करू नये, असं मला मनापासून वाटतं.

जमीन नसलेल्या कुटुंबांना यात खरोखर संधी आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदानाची तरतूद आहे; सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. दुसरा फायदा विक्रीचा. सगळा माल एकदम काढून व्यापाऱ्याच्या हाती भाव देऊ नका, एकेक पिंजरा रिकामा करा.

रिकाम्या पिंजऱ्यात लगेच बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडायची घाई नको. महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, त्यानंतर सोडा. मत्स्यबीज केंद्राकडे नोंदणी मात्र आत्ताच करून ठेवा.