५.१ डिस्क लावूनही मागचे स्पीकर मुके? माझा अनुभव

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ची (मूळ अल्बम १९७३) ५.१ (पुढं-मागं मिळून पाच स्पीकर आणि एक सबवूफर) ब्लू-रे लावली, तर गाण्यातला घड्याळांचा गजर नुसता पुढून. मागचे स्पीकर ठार मुके. वायरी बदलल्या, कोल्हापूरच्या राजारामपुरीतून नवी ऑप्टिकल केबल (आवाजाचा सिग्नल प्रकाशातून नेणारी) आणली, फरक शून्य. दोन रविवार पांढऱ्या रश्श्यासकट वाया गेले!

घोळ जोडणीत होता: प्लेअर टीव्हीला, टीव्हीतून ऑप्टिकलनं रिसीव्हरला (सगळे स्पीकर चालवणारा अ‍ॅम्प्लिफायर). माझा टीव्ही पुढं फक्त स्टिरिओच (डावा-उजवा असा दोनच वाटांचा आवाज) सोडतो.

सगळं बंद केलं. प्लेअरची एचडीएमआय थेट रिसीव्हरच्या ‘इन’ला, ‘आउट’मधून टीव्हीला. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएमऐवजी (प्लेअरनं स्वतः उलगडलेला आवाज) बिटस्ट्रीम (न उलगडता रिसीव्हरकडं पाठवलेला), सेकंडरी ऑडिओ (मुख्य आवाजात मिसळणारा जादा आवाज) बंद. शेवटी डिस्कच्या मेनूत ५.१ निवडलं; हे विसरलात तर बाकीचं फुकट. रिसीव्हरवर ‘एसएल’, ‘एसआर’ (मागचे डावा-उजवा स्पीकर) उजळलं आणि घड्याळं कानामागं वाजली.