व्हीलचेअरसह लेझीम: कार्यशाळा कशी घ्यावी

बारा जण, दोन मदतनीस, दीड तास. जमीन सपाट हवी. सतरंजी काढून टाका, तिच्यात चाकं अडकतात. व्हीलचेअरला जागच्या जागी वळायला साधारण दीड मीटर व्यासाची जागा लागते, शिवाय लेझीम उघडली की हात फाकतात. त्यामुळे रिंगण ऐसपैस आखा.

खरा पेच पुढे आहे. लेझीम दोन्ही हातांत, मग खुर्ची हलवायची कशी? सोळा ठोके ब्रेक लावून लेझीम, पुढचे सोळा ती मांडीवर ठेवून खुर्चीची चाल, असं बसवा. चार-चार ठोक्यांचं बसवलंत तर ब्रेक काढण्यातच ते संपतात आणि माणूस उगाच मागे पडतो. न विचारता खुर्ची ढकलायची नाही, कधीच नाही. पकड कमजोर असेल तर लाकडी दांडा रुंद कापडी पट्टीने तळहाताशी सैलसर बांधा. बोटं साखळीपासून लांब राहू द्या, चिमटतात.

कर्णबधिरांना ढोलवाल्याचा उचललेला हात दिसला पाहिजे. दृष्टिहीनांना आधी लेझीम चाचपू द्या. "असं करा" नको. "डावीकडे झुका, गुडघ्याजवळ वाजवा" म्हणा. ढोल मध्येच हलवू नका, त्याच्या आवाजावरूनच ते दिशा धरतात.