मासे सगळ्यात शेवटी: परसातलं पहिलं तळं

परसात तळं करायचं ठरलं की घरातली मुलं पहिल्याच रविवारी मासे आणायला निघतात. त्यांना थोपवा. खड्डा खणण्यापासून मासे सोडेपर्यंत दोन महिने धरून चला. त्यातला महिना-दीड महिना तळं नुसतं भरून ठेवायचं आहे, आणि त्या काळातच ते तयार होतं. माझ्या पहिल्या तळ्यात मी अकरा गोल्डफिश सोडले आणि पंधरा दिवसांत एकही उरला नाही. पाणी आरशासारखं नितळ होतं, मासेही धडधाकट होते. मी ते तळं भरल्यापासून तिसऱ्याच दिवशी सोडले, एवढंच चुकलं.

जागा

दिवसातून चार ते सहा तास ऊन हवं. ते सकाळचं असलेलं बरं, कारण एप्रिल-मेच्या दुपारी तळ्याला सावली लागते. झाडाखाली मात्र तळं करू नका. चिंचेची, गुलमोहराची पानं इतकी बारीक असतात की जाळी घातली तरी पाण्यात उतरतात, तळाशी कुजतात आणि पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. पिंपळ-उंबराची मुळं तर भिंतही फोडतात.

जमल्यास खणण्याआधी एक मोठा पाऊस बघून घ्या. छत्री घेऊन परसात उभं राहिलं की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते कळतं. त्या वाटेवर तळं नको, नाहीतर अंगणातला गाळ, खत, फवारणीचं औषध, सगळं आत येईल. काठ जमिनीपेक्षा चार-सहा इंच उंच ठेवा आणि जास्तीचं पाणी जाण्यासाठी वरच्या बाजूला जाळी लावलेला पाईप काढा. कोकणात हा पाईप दोन इंचांपेक्षा बारीक नको.

घरात लहान मूल असेल तर खड्डा न करता जमिनीवर अडीच फुटी कट्टा बांधा आणि वर लोखंडी जाळी बसवा. रांगत्या बाळाला वीतभर पाणीही धोक्याचं असतं. गच्चीवर करायचं मनात असेल तर एक घनमीटर पाण्याचं वजन एक टन भरतं, तेव्हा आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा.

माप आणि खड्डा

लहान तळं सोपं असेल असं वाटतं, पण पाचशे लिटर पाणी मे महिन्यात दुपारपर्यंत तापतं आणि पहाटे गार होतं. हा चढउतार माशांना सोसत नाही. पहिल्या तळ्यासाठी 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद आणि 75 सेंटीमीटर खोल हे माप चांगलं. मीटरमधली तिन्ही मापं गुणून हजाराने गुणलं की लिटर मिळतात: इथे 4,500.

बाजू उभ्या ठेवा. बगळा उथळ पाण्यात उभा राहून मासे टिपतो, त्यामुळे उतरता काठ केला की त्याच्यासाठी पाट मांडल्यासारखं होतं. कुंड्यांसाठी एका बाजूला वीतभर रुंदीची पायरी पुरते. काठ चारी बाजूंनी एका पातळीत आहे का, ते गवंडी पारदर्शक नळीत पाणी भरून बघतात तसं बघा. दोन इंचांचा फरकसुद्धा पाणी भरल्यावर डोळ्यांत खुपतो, आणि तेव्हा दुरुस्ती करता येत नाही.

सिमेंट की कागद

काळ्या मातीत मी कागदच, म्हणजे प्लॅस्टिकचं जाड अस्तरच, घालायला सांगेन. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्याबरोबर विटा-सिमेंटची टाकीही तडकते. शेततळ्याला घालतात तो 500 मायक्रॉनचा एचडीपीई कागद चालतो. तो ताठ असतो, म्हणून उन्हात तासभर पसरून मऊ करून घ्या आणि कोपऱ्यांत मोठ्या, सरळ घड्या घाला. माप काढताना लांबी आणि रुंदी दोन्हींत खोलीची दुप्पट आणि वर 60 सेंटीमीटर मिळवा. आपल्या तळ्याला 5.1 बाय 4.1 मीटर कागद लागेल. खड्ड्यातले खडे आणि मुळांचे खुंट हाताने चाचपून काढा, दोन इंच वाळू पसरा, वर जुनी पोती अंथरा, मग कागद घाला.

मुरमाड जमीन असेल आणि सिमेंटचंच करायचं असेल, तर नव्या सिमेंटमधून चुना सुटतो हे विसरू नका. तळं भरा, केळीच्या खुंटाचे तुकडे टाका, आठवड्याने पाणी काढा आणि घासून परत भरा. असं तीन-चार वेळा करावं लागतं.

पंप, फिल्टर, वीज

महागड्या फिल्टरची गरज नाही. दोनशे लिटरचा स्वच्छ प्लॅस्टिक ड्रम घ्या, रसायनाचा नको. तळ्यातला पंप ड्रमच्या तळाशी पाणी सोडेल. आत खाली जाड खडी आणि वर जाळीच्या पिशव्यांत भांडी घासायचे प्लॅस्टिकचे स्क्रबर भरा. पाणी त्यातून वर चढून तोटीने तळ्यात पडेल. ड्रमच्या तोंडाशी कर्दळ लावली तर ती पाण्यातलं खत खाऊन झपाट्याने वाढते.

तळ्यातलं सगळं पाणी दोन तासांत एकदा तरी फिरायला हवं, म्हणजे ताशी 2,250 लिटर. पण पंपाच्या खोक्यावरचा आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो. चार-पाच फूट चढवताना तो बराच घसरतो, म्हणून 3,500 ते 4,000 चा पंप घ्या. तो रात्रंदिवस चालू ठेवा.

विजेच्या कामात काटकसर नको. चांगलं अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या, आणि बटण बंद केल्याशिवाय पाण्यात हात घालू नका. लाइट जाते तिथे बॅटरीवर चालणारा हवेचा छोटा पंप हवाच.

पाणी भरा आणि थांबा

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. पंप चालू ठेवून दोन दिवस उघडं राहिलं की ते उडून जातं. बोअरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो, त्यालाही हे दोन दिवस द्या.

आता खरं काम सुरू होतं. मासे कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया सोडतात. तो त्यांच्याच कल्ल्यांना जाळतो, आणि पाणी चुनखडीचं असेल तर त्याची धार आणखी वाढते. माझे अकरा मासे यानेच गेले. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच असतं. दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, जे वनस्पतींना खत म्हणून चालतं. हे जिवाणू ड्रममधल्या खडीवर आणि स्क्रबरवर वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात.

त्यांना खाऊ म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं रिकाम्या तळ्यात टाका. एखाद्याच्या जुन्या टाकीतली मूठभर खडी मिळाली तर ती विरजणासारखी लागते. टेस्ट किट आणून दर चार दिवसांनी मोजा आणि वहीत लिहा. आधी अमोनिया चढेल, मग तो उतरेल आणि नायट्राइट चढेल. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की तळं तयार झालं.

या काळात डासांच्या अळ्या होतील. तेवढ्यासाठी पाच-सहा गप्पी सोडायला हरकत नाही. अनेक पालिकांच्या हिवताप विभागाकडे ते फुकट मिळतात. पायरीवर कुमुदिनी आणि वेखंडाच्या कुंड्या याच दिवसांत ठेवा. जलपर्णी फुलली की सुंदर दिसते, पण ती आणू नका. काही आठवड्यांत पाणी झाकून टाकते.

आता मासे

आधी पाच साधे, लांबट गोल्डफिश आणा. महिन्याने आणखी पाच. वीसच्या पुढे जाऊ नका. कोई दोन फुटांपर्यंत वाढतो, त्याला हे तळं अपुरं आहे. आफ्रिकन मांगूरवर आपल्याकडे बंदी आहे. काच साफ ठेवतो म्हणून विकला जाणारा सकर मासाही टाळा. उजनीच्या पाण्यात मच्छीमारांची जाळी तो फाडतो, आणि तिथे तो कुणीतरी हौसेने आणून नंतर सोडलेल्या माशांतूनच आला असणार. नको झालेला मासा नदी-नाल्यात कधीही सोडू नका.

पिशवी पंधरा-वीस मिनिटं तळ्यावर तरंगू द्या, मग वाटी-वाटीने तळ्याचं पाणी आत घाला आणि मासे हाताने सोडा. पिशवीतलं पाणी झाडाला घाला.

खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोनदा. दर आठवड्याला दहा-पंधरा टक्के पाणी काढून जास्वंदीला किंवा केळीला द्या. स्क्रबर मळले तर तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या बादलीत खळबळा. नळाखाली धुतले की जिवाणू मरतात आणि पुन्हा सहा आठवडे थांबावं लागतं.

पहिला उन्हाळा जपा. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि रात्रभर वनस्पतीही तो घेत असतात. त्यामुळे खरी ओढाताण पहाटे होते. मासे वर येऊन तोंडं उघडमीट करताना दिसले तर खाणं बंद ठेवा, हवेचा पंप लावा. तो नसेल तर बादलीने तळ्याचंच पाणी उंचावरून ओतत राहा. एरवीही सकाळचा चहा काठावर घ्या. थोड्या दिवसांत मासे पावलं ओळखून तुमच्या बाजूला गोळा होतात. त्यांत एखादा आला नाही, तर आधी तोच शोधा.