उतारावर सायलेन्सर फटफट वाजतोय? स्क्रू नंतर, गळती आधी

कात्रजच्या उतारावर थ्रॉटल सोडला की जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचा सायलेन्सर फटाके फोडतो. बहुतेक वेळा कारण एकच: मिश्रण लीन झालेलं असतं, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त. असं मिश्रण सिलिंडरमध्ये नीट पेटत नाही, तसंच बाहेर पडतं आणि गरम पाइपमध्ये भडकतं.

पण लगेच स्क्रूड्रायव्हर काढू नका. आधी सायलेन्सरचा पाइप इंजिनच्या हेडला (वरच्या भागाला) जिथे बसतो तिथलं गॅस्केट, म्हणजे जोड हवाबंद ठेवणारी चकती, बघा. गाडी थंड असताना चालू करा, जाड फडकं सायलेन्सरच्या तोंडाशी क्षणभर धरा. जोडाजवळ फुसफुस ऐकू आली तर गॅस्केट बदला. बाहेरची हवा तिथून आत शिरत असेल, तर ट्युनिंग कितीही करा, फटफट थांबणार नाही. कार्बोरेटर आणि इंजिनमधला रबरी जोडही चिरलेला नाही ना, तेही तपासा.

दोन्ही ठीक असेल तर इंजिन चांगलं गरम करून कार्बोरेटरवरच्या मिश्रणाच्या स्क्रूला हात लावा. इथेच बरेच जण फसतात. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा: आत फिरवला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, तो बाहेर फिरवायचा. एका वेळी पाव फेराच. काहीच फरक पडला नाही तर बहुधा पायलट जेट, म्हणजे थ्रॉटल बंद असताना पेट्रोल सोडणारी बारीक भोकाची नळी, तुंबलंय. कार्बोरेटर क्लीनरने साफ करा. त्यात तार मात्र कधीही घालू नका, भोक मोठं होतं.