अहिराणी गाणं घरी रेकॉर्ड करताय? माइक लावताना या चुका टाळा

आवाज विहिरीतून आल्यासारखा येत असेल, तर बहुतेक वेळा माइक लांब असतो. मग गेन, म्हणजे माइकचा आवाज मोठा करणारी पातळी, वाढवला जातो आणि त्यासोबत खोलीचा घुमाराही वाढतो. अंतर दुप्पट झालं की तोंडातून थेट येणारा आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. भिंतींवरून परतणारा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. म्हणून कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, विजेवर चालणारा माइक) तोंडापासून वीतभर ठेवा. चार बोटांवर आणलात तर कार्डिऑइड माइकमध्ये (समोरचा आवाज जास्त आणि पाठीमागचा कमी घेणाऱ्या) खर्ज फुगतो आणि शब्द जड होतात.

पत्र्याचं छत आणि फरशी असेल तर गोधडी टांगावीच. पण गाणारीच्या पाठीमागे, कारण माइकचं तोंड त्याच भिंतीकडे असतं.

मोठ्या डायफ्रॅमचे (आवाज पकडणाऱ्या पातळ पडद्याचे) बहुतेक कंडेन्सर माइक टोकाने नाही, बाजूने ऐकतात. सहसा लोगोची बाजू गाणारीकडे हवी. तिथेच चूक झाली तर कितीही इक्वलायझर (खर्ज-तार कमीजास्त करणारी बटणं) फिरवा, आवाज दबलेलाच वाटतो. इंटरफेसवरचा (माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या पेटीवरचा) 48 व्होल्टचा फँटम पॉवरही, म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारी वीज, चालू आहे ना, ते बघा.

'प', 'फ', 'भ' ला धप्प आवाज येतो तो हवेचा. तळवा तोंडासमोर धरून 'पोऱ्या' म्हणा, फुंकर लागेल. आता तळवा हळूहळू कडेला न्या. फुंकर लागेनाशी झाली, तीच माइकची जागा. माइकचा रोख ओठांकडेच राहू द्या आणि पॉप फिल्टर माइकपासून चार बोटं पुढे लावा.

सोबत ढोलकी असेल तर दोन माइक एकमेकांचा आवाज खातात. गाणारीचा माइक वीतभर असेल, तर ढोलकीचा तिच्या तोंडापासून किमान तीन वीत लांब हवा. दोन्ही ट्रॅक मोनोत, म्हणजे एकत्र मिसळून एकाच आवाजात, ऐका. खर्ज पातळ वाटला तर ढोलकीच्या ट्रॅकची फेज (आवाजाच्या लहरीची दिशा) उलटी करा. भरीव येईल तीच बाजू ठेवा.

मे महिन्यात जळगाव-धुळ्याकडे कूलरशिवाय बसवत नाही, हे खरं. खोली आधी गार करा आणि प्रत्यक्ष रेकॉर्डिंगपुरता कूलर बंद ठेवा. नंतर नॉइज रिडक्शनने (नको असलेला आवाज पुसणाऱ्या सॉफ्टवेअरने) कूलरची घरघर काढायला गेलात की 'स', 'श' ही खरवडले जातात. बाहेरच्या खोलीतला पंखा बंद करता येत नसेल, तर कार्डिऑइडची पाठ त्याच्याकडे करा.

लेव्हल ठरवताना गाण्यातली सगळ्यात चढी ओळ म्हणवून घ्या. मीटर उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान राहिला पाहिजे.