जुन्या गाडीतील टायर-दाब सेन्सर कसे बदलावेत आणि गाडीत त्यांची नोंद कशी करावी

अमेरिकेत पंधरा-सोळा वर्षे जुनी गाडी चालवणाऱ्यांच्या डॅशबोर्डावर बहुधा एक पिवळा दिवा कायमचा मुक्कामाला आलेला असतो. घोड्याच्या नालासारखा आकार आणि मध्ये उद्गारचिन्ह. हा टायरमधील हवेच्या दाबाचा दिवा आहे. न्यू जर्सीत माझ्या 2009 सालच्या टोयोटा कॅमरीत तो लागला तेव्हा एका गॅरेजने एक नवा सेन्सर बसवला, डॅशबोर्डाखालचे रिसेटचे बटण दाबले आणि काम झाल्याचे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू केली, तर दिवा पुन्हा लुकलुकत होता. सेन्सर चांगला होता, बसवलाही नीट होता. पण त्याचा क्रमांक गाडीच्या संगणकात कोणी नोंदवलाच नव्हता. रिसेट आणि नोंदणी ही दोन वेगळी कामे आहेत, आणि या एका गोष्टीच्या अज्ञानापायी लोकांचे बरेच पैसे वाया जातात. म्हणून पुढील माहिती कॅमरीच्याच आधारे, क्रमवार देत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरील फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांनंतर 2000 साली अमेरिकी काँग्रेसने कायदा केला आणि त्यातून टायरच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. 1 सप्टेंबर 2007 पासून बनलेल्या सर्व नव्या मोटारी आणि हलक्या वाहनांत ती असावीच लागते. चाकातील सेन्सरची बॅटरी साधारण सात ते दहा वर्षे टिकते आणि ती सेन्सरच्या आतच राळेत गाडलेली असल्यामुळे बदलता येत नाही. त्यामुळे त्या काळातील गाड्यांचे मूळ सेन्सर आता एकेक करून निकामी होत आहेत किंवा झालेले आहेत.

सर्वात आधी दिवा काय सांगतो आहे ते समजून घ्यावे. गाडी सुरू केल्याबरोबर तो स्थिर पेटलेला असेल, तर एखाद्या चाकात हवा कमी आहे. सुरुवातीला सुमारे एक ते दीड मिनिट लुकलुकून नंतर स्थिर राहत असेल, तर यंत्रणेतच बिघाड आहे, म्हणजे बहुतेक वेळा एखादा सेन्सर गप्प झालेला आहे. पहिल्या प्रकारात सेन्सर विकत घेण्याची घाई मुळीच करू नये. तापमान दहा अंश फॅरनहाइटने उतरले की टायरमधील दाब साधारण एक पीएसआयने (दाब मोजण्याचे एकक, पौंड प्रति चौरस इंच) घटतो. ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा जानेवारीतील पहाटेला अपुरी पडते आणि दिवा आपले काम चोख बजावत असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील चिठ्ठीत लिहिलेला दाब, गाडी थंड असताना, चारही चाकांत भरून पाहावा. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतातच. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) साहाय्याने चाकांच्या फिरण्यातील फरकावरून दाबाचा अंदाज घेतला जातो. तुमची गाडी त्या प्रकारातील नाही ना, हे गाडीच्या पुस्तिकेत आधीच पाहून घ्यावे.

बिघाड निश्चित झाल्यावर कोणता सेन्सर गेला आहे ते शोधावे लागते. त्यासाठी टीपीएमएस टूल (टीपीएमएस म्हणजे टायरच्या दाबावर लक्ष ठेवणारी यंत्रणा) नावाचे हातात मावणारे उपकरण मिळते. ते टायरच्या बाजूला, व्हॉल्व्हच्या जवळ धरून बटण दाबले की 125 किलोहर्ट्झच्या संदेशाने सेन्सर जागा होतो आणि आपला क्रमांक, दाब, तापमान आणि बहुधा बॅटरीची स्थितीही कळवतो. एका चाकाकडून उत्तर आले नाही, तर उपकरणाची जागा थोडी बदलून, गाडी फूटभर पुढे घेऊन पुन्हा प्रयत्न करावा. तरीही उत्तर नाही, तर तो सेन्सर संपला असे समजावे. ज्या सेन्सरांनी उत्तर दिले त्यांचे क्रमांक कोणत्या चाकाचा कोणता यासह याच वेळी लिहून घ्यावेत. हे क्रमांक इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून बनलेले असतात आणि एक अक्षर चुकले तरी पुढचे सगळे काम अडते, म्हणून मी उपकरणाच्या पडद्याचा फोटोच काढून ठेवतो.

खरेदी करताना लहरींची वारंवारिता पाहावी. अमेरिकेतील या पिढीच्या टोयोटा गाड्यांचे सेन्सर 315 मेगाहर्ट्झवर चालतात, तर युरोपात आणि भारतात 433 मेगाहर्ट्झ प्रचलित आहे. दोन्ही सेन्सर बाहेरून सारखेच दिसू शकतात, त्यामुळे भारतातील गाडीसाठी येथून सेन्सर पाठवणाऱ्या नातेवाइकांनी ही खात्री करून घ्यावी. दुसरा प्रश्न मूळ कंपनीचे सेन्सर घ्यावेत की प्रोग्रॅम करता येणारे. मूळ सेन्सर कारखान्यातून ठरलेला क्रमांक घेऊन येतो आणि तो गाडीत नोंदवावाच लागतो. प्रोग्रॅम करता येणाऱ्या सेन्सरमध्ये मात्र जुन्या सेन्सरचाच क्रमांक उतरवता येतो. या पर्यायाचे महत्त्व लक्षात घ्यावे: जुन्या कॅमरीचा संगणक नवे सेन्सर आपणहून ओळखत नाही, तो फक्त यादीतील चार क्रमांकांची वाट पाहतो. नव्या सेन्सरने जुनाच क्रमांक पाठवला, तर बदल झाला आहे हे त्याला कळण्याचे कारणच उरत नाही आणि नोंदणीचा संपूर्ण टप्पा वाचतो. बॅटरी पूर्ण संपल्यामुळे क्रमांक हवेतून मिळाला नाही, तरी तो सेन्सरच्या अंगावर छापलेला असतो. टायर उतरवल्यावर तो वाचून उपकरणात हाताने भरता येतो.

चारही सेन्सर एकदमच बदलावेत असे माझे स्पष्ट मत आहे. चौघांचे वय एकच असते, आणि टायर उतरवून पुन्हा चढवण्याची मजुरी सेन्सरच्या किमतीइतकीच जड जाते. त्यातही नवे टायर घालण्याच्या वेळी हे काम केले, तर मजुरी एकदाच द्यावी लागते.

चाक घरी काढले तरी रिमवरून टायर सोडवण्यासाठी टायरच्या दुकानात जावेच लागते. तेथे आत सेन्सर आहे हे आधी सांगावे, म्हणजे टायरची कड दाबणारा पत्रा व्हॉल्व्हपासून दूर लावला जाईल. तो सेन्सरवर आला तर प्लास्टिकचे कवच क्षणात फुटते. जुना सेन्सर निघताना काय पाहायचे तेही सांगतो. येथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात आणि त्याने धातू गंजतो. माझ्या मागच्या उजव्या चाकाच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पांढरी भुकटी साचली होती आणि कोणीतरी लावलेले धातूचे टोपण त्यावर गंजून घट्ट बसले होते. पक्कडीने ते फिरवताच टोपणासकट व्हॉल्व्हची दांडीच मोडून हातात आली आणि चाक बसले. म्हणून नव्या सेन्सरवर आतून रबरी वायसर असलेले प्लास्टिकचेच टोपण लावावे आणि व्हॉल्व्हमधील पिन निकेलचा मुलामा असलेलीच वापरावी. साधी पितळी पिन ॲल्युमिनियममध्ये अडकून बसते.

नवा सेन्सर बसवण्यापूर्वी रिमचे भोक कापडाने पुसून स्वच्छ करावे, आतील रबर नवे आणि सरळ बसले आहे ते पाहावे आणि बाहेरचे नट लहान टॉर्क पान्यानेच (पिळण्याचा जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावे. या नटाला लागणारा जोर फारच थोडा असतो: सेन्सरच्या प्रकारानुसार साधारण 4 ते 8 न्यूटन-मीटर, नेमका आकडा सेन्सरसोबतच्या कागदावर असतो. अंदाजाने आवळले तर एक तर रबर चिरडते किंवा दांडीला तडा जातो, आणि दोन्हींचा परिणाम महिन्याभराने हळूहळू हवा जाण्यात दिसतो. प्रोग्रॅम करता येणाऱ्या सेन्सरमध्ये क्रमांक घालण्याचे काम टायर चढवण्यापूर्वी उरकावे आणि तो योग्य क्रमांक पाठवतो आहे हे उपकरणाने लगेच तपासावे. नंतर टायर चढवून हवा भरावी, चाकाचे बॅलन्सिंग करून घ्यावे आणि चाकाचे नट ताऱ्याच्या क्रमाने (लगतचा नव्हे, समोरचा नट पुढे घेत) आवळावेत; कॅमरीसाठी हा टॉर्क 103 न्यूटन-मीटर, म्हणजे 76 फूट-पौंड आहे.

आता नोंदणी. जुने क्रमांक उतरवले नसतील, तरच ही पायरी लागते. स्टिअरिंगखाली ओबीडीचे, म्हणजे गाडीच्या संगणकाला तपासणीची उपकरणे जोडण्याचे, सॉकेट असते. त्याला टोयोटाचे टेकस्ट्रीम सॉफ्टवेअर किंवा क्रमांक नोंदवण्याची सोय असलेले टीपीएमएस टूल जोडावे, किल्ली इंजिन सुरू न करता ‘ऑन’वर ठेवावी आणि चारही चाकांचे क्रमांक संगणकात लिहावेत. एकच सेन्सर बदलला असेल, तरी उरलेल्या तिघांचे क्रमांक बरोबर आहेत ना, हे लिहिण्यापूर्वी वाचून पाहावे. त्यानंतर किल्ली एकदा बंद करावी आणि गाडी पुन्हा सुरू करून पंधरा-वीस मिनिटे बऱ्यापैकी वेगात चालवावी, म्हणजे साठवणीच्या काळात बॅटरी वाचवण्यासाठी झोपवून ठेवलेले नवे सेन्सर जागे होतात आणि संगणकाला त्यांचे संदेश मिळू लागतात. इतर कंपन्यांची पद्धत निराळी आहे. जनरल मोटर्सच्या अनेक गाड्या शिकण्याच्या स्थितीत गेल्या की चालकाच्या पुढच्या चाकापासून सुरुवात करून, पुढचे दुसरे, त्यामागचे आणि शेवटी चालकामागचे या क्रमाने सेन्सर जागे करावे लागतात, आणि प्रत्येक चाक ओळखल्याची खूण हॉर्न वाजून मिळते.

रिसेटचे बटण सर्वात शेवटी येते. मॉडेलप्रमाणे ते डॅशबोर्डाखाली किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये असते. किल्ली ‘ऑन’ ठेवून, दिवा सावकाश तीनदा लुकलुकेपर्यंत ते दाबून धरावे आणि काही मिनिटे किल्ली तशीच राहू द्यावी. या बटणाने त्या क्षणी चाकांत असलेला दाब योग्य म्हणून गृहीत धरला जातो. म्हणून आधी दाराच्या चिठ्ठीप्रमाणे थंड टायरमध्ये हवा भरावी आणि मगच बटणाला हात लावावा. हवा कमी असताना केवळ दिवा घालवण्यासाठी ते दाबणे धोक्याचे आहे, कारण त्यानंतर यंत्रणा त्या कमी दाबालाच प्रमाण मानून गप्प बसते आणि महामार्गावर जेव्हा इशारा हवा असतो तेव्हा तो मिळत नाही.

काम नीट झाले की नाही, हे पाहण्यासाठी एका चाकातील हवा मुद्दाम कमी करावी. नियमाप्रमाणे दाब ठरलेल्या प्रमाणापेक्षा पंचवीस टक्क्यांनी उतरला की दिवा लागला पाहिजे. म्हणजे चिठ्ठीवर 32 पीएसआय असेल, तर 24 च्या आसपास. किल्ली ‘ऑन’ ठेवून काही मिनिटे थांबावे. दिवा न लुकलुकता स्थिर पेटला की हवा पुन्हा भरावी, आणि चारही क्रमांक, बसवल्याची तारीख व चाकाची जागा लिहिलेला कागद गाडीच्या पुस्तिकेत ठेवून द्यावा. पुढच्या वेळी बॅटरी संपलेला सेन्सर उत्तर देणार नाही, तेव्हा तोच कागद लागणार आहे.