मुलाच्या मानसिक उपचारांची सूत्रं एका हाती कशी ठेवायची

नैराश्य किंवा चिंतेचा त्रास असलेल्या एका शाळकरी मुलीभोवती सहज सहा-सात माणसं असतात. गोळ्या लिहून देणारे मानसोपचारतज्ज्ञ, दर आठवड्याला भेटणारी मानसशास्त्रज्ञ, शाळेतल्या समुपदेशक, वर्गशिक्षिका, तापखोकल्याला बघणारे नेहमीचे डॉक्टर आणि आईवडील. प्रत्येकजण आपापलं काम चोख करतो, पण एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं, आणि उपचार फसतात ते बहुतेक वेळा याच सांध्यांमध्ये.

म्हणून पहिलं काम म्हणजे समन्वयक ठरवणं. तो डॉक्टरच असायला हवा असं नाही. फोन उचलणारा, लिहून ठेवणारा आणि मुलाला ज्याच्याशी बोलावंसं वाटतं असा माणूस हवा, हुद्दा दुय्यम. समाजसेवक, समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ हे काम उत्तम करतात. समन्वयक न नेमता सगळे निरोप आईमार्फत पाठवणं ही सर्वात मोठी चूक. ती आधीच थकलेली असते, आणि डॉक्टरांचं वाक्य शाळेपर्यंत पोचेस्तोवर बदललेलं असतं. समन्वयक रजेवर असताना कोणाला फोन करायचा, तेही त्याच दिवशी ठरवा.

कोणालाही फोन करण्याआधी संमती घ्या. पालकांची लेखी आणि मुलाची त्याच्या वयानुसार. ‘शाळेशी बोलू का?’ एवढं विचारून भागत नाही. कोणती माहिती, कोणाला आणि कधीपर्यंत, हे तीनही लिहा. मुलाने जे खाजगीत सांगितलं ते खाजगीच राहील. मात्र जीव धोक्यात असेल, कोणी छळ करत असेल किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तर ते सांगावं लागेल, हे पहिल्याच भेटीत स्पष्ट करा. नंतर कळलं तर मुलाला विश्वासघात वाटतो आणि ते बोलणंच बंद करतं.

शाळेला सहसा निदान कळवायची गरज नसते. काय करायचं ते कळलं की पुरे. चिठ्ठी अशी असावी: ‘वर्गात घाबरायला झालं तर कारण न विचारता तिला दहा मिनिटं समुपदेशकांच्या खोलीत जाऊ द्यावं. मोठ्याने वाचायला सांगण्याआधी कल्पना द्यावी. दुपारनंतर झोप येत असल्यास तारखेसह आम्हाला कळवावं.’ शिक्षकांना करता येतील अशा दोन-तीनच गोष्टी. दोन पानी अहवाल कपाटात जातो.

सगळ्यांकडे एकच ‘एकपानी माहिती’ असावी. वरच्या कोपऱ्यात तारीख, म्हणजे जुनं पान कोणतं ते कळतं. त्यात: चालू गोळ्या, डोस, कधी सुरू झाल्या, शेवटचा बदल कधी आणि कोणी केला, आधी कोणती औषधं देऊन बंद केली आणि का, ॲलर्जी, मुलाच्या शब्दांत लिहिलेली दोन-तीन उद्दिष्टं (‘मित्राच्या वाढदिवसाला जायचंय’ हे ‘सामाजिक सहभाग वाढवणे’पेक्षा कितीतरी उपयोगी), बिघडत चालल्याची लक्षणं, कोणाला फोन करायचा, पुढची भेट. हे पान नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची गोळी चालू असताना डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेलं खोकल्याचं औषध दिलं, तर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे शरीरात सेरोटोनिन हे रसायन घातक प्रमाणात वाढण्याचा, धोका असतो. लिथियम हे मनःस्थिती स्थिर ठेवणारं औषध घेणाऱ्याला अंगदुखीवर आयबुप्रोफेन दिलं, तर रक्तातलं लिथियम वाढतं. ही गडबड निष्काळजीपणाने होत नाही. समोरच्याला माहीतच नसतं, म्हणून होते.

गोळ्या सुरू झाल्यावरचे पहिले चार आठवडे जास्त जपायचे. नैराश्यावरच्या औषधांचा फायदा दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, पण मळमळ, अस्वस्थता, झोप उडणं हे आधीच सुरू होतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००४ मध्ये मुलं आणि किशोरवयीनांबाबत या औषधांवर आत्महत्येच्या विचारांचा ठळक इशारा छापायला लावला. २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांनाही लागू झाला. याचा अर्थ औषध टाळा असा नाही. या काळात आठवड्यातून एकदा तरी मुलाशी कोणीतरी बोललंच पाहिजे, आणि ते कोण हे ठरलेलं पाहिजे. ‘बरं वाटतंय’ म्हणून घरच्यांनी गोळी अचानक थांबवू नये, हेही तेव्हाच सांगा. एडीएचडीसाठी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) मिथाइलफेनिडेट हे औषध असेल तर वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब ठरावीक अंतराने बघावे लागतात. ते कोणी बघायचं, हे नक्की ठरवा.

सगळ्यांची बैठक सुरुवातीला दर सहा ते आठ आठवड्यांनी, पाऊण तासाची. मुलाला निदान काही वेळ तरी आत बसवा आणि पहिलं बोलणं त्याचं असू द्या. उठण्याआधी प्रत्येक ठरावापुढे नाव आणि तारीख पडली पाहिजे. ‘लक्ष ठेवू’ हा ठराव नव्हे. प्रगती मोजायला मुलांच्या भावना आणि वागणुकीबद्दलची २५ प्रश्नांची एसडीक्यू प्रश्नावली सोपी पडते; पालक, शिक्षक आणि अकरा वर्षांवरची मुलं स्वतः ती भरू शकतात. आईचे आणि शिक्षकांचे गुण जुळले नाहीत तर गोंधळू नका. घरी एक आणि वर्गात दुसरं दिसतंय, हीच मोलाची माहिती आहे.

शाळेत जायलाच नकार देणाऱ्या मुलांच्या बाबतीत समन्वयाचा खरा कस लागतो. घरी राहण्याचे दिवस वाढले की परतणं अवघड होत जातं, म्हणून टप्पे लागतात: आधी फाटकापर्यंत, मग वाचनालयात एक तास, मग आवडीचा एक तास वर्गात. पण मानसशास्त्रज्ञांनी ‘एकच तास’ ठरवावं आणि शाळेने पोट दुखतंय म्हणताच दहा मिनिटांत घरी पाठवावं, असं झालं की पोटदुखी जिंकते. पुढचा टप्पा घर, शाळा आणि मानसशास्त्रज्ञ या तिन्ही बाजूंना आदल्या दिवशी माहीत हवा.

घरातल्या मोठ्यांकडेही बघा. आईला स्वतःलाच नैराश्य असेल, तर तिच्या उपचाराची सोय करणं हा मुलाच्या उपचाराचाच भाग आहे.

आत्महत्येचे विचार येतात का, हे मुलाला सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात येत नाहीत. असतील तर सुरक्षा योजना मुलासोबत बसून लिहा: धोक्याच्या खुणा, स्वतः काय करता येईल, मन दुसरीकडे रमवायला कोणाकडे किंवा कुठे जायचं, मदत कोणाकडे मागायची, कोणत्या तज्ज्ञाला फोन करायचा, आणि घर सुरक्षित कसं करायचं. शेवटचा मुद्दा पालकांचा: घरातली सगळी औषधं कुलपात, आणि मुलाच्या गोळ्या एका वेळी आठवड्याच्याच. धोका आत्ताच असेल तर योजना लिहीत बसू नका. मुलाला एकटं न सोडता तातडीच्या विभागात न्या. रुग्णालयातून घरी आल्यावरचे पहिले दिवस नाजूक असतात, त्यामुळे सात दिवसांच्या आतली भेट डिस्चार्जच्या कागदावर तारीख-वेळेसह लिहून घेतल्याशिवाय बाहेर पडू नये.

अठरा वर्षं पूर्ण झाली की मोठ्यांच्या विभागात जावं लागतं, आणि तिथे बरेचजण गळतात. तयारी सोळा-सतराव्या वर्षी सुरू करा. जुने आणि नवे डॉक्टर एकत्र असतील अशी एक तरी भेट घडवा. परीक्षेच्या महिन्यात किंवा तब्येत बिघडलेली असताना ही बदली करू नका. नव्या ठिकाणी दुसऱ्या भेटीलाही मूल गेलं का, हे जुन्या समन्वयकाने फोन करून पाहावं, आणि तोवर आपली फाइल बंद करू नये.